रंगाच्या बादलीतला ऊस

रविवार, १९ एप्रिल २०२०, कोल्हापूर

आज आबांवर ओरडलो. बापावर ओरडण्याएवढा मोठा कधी झालो मी?

लॉकडाऊन लागल्यापासून घरादारानं गच्चीवर बाग मांडलीय. सुनीतानं टोमॅटो लावलेत, आमच्या लेकीनं, ईशानं, झेंडू. आबा पाडव्याला म्हणून हातकणंगल्याहून आले आणि इथंच अडकले. येण्याआधी रानात उसाची लावण करून आलेले. त्यातली एक कांडी पिशवीत राहिली होती, ती त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीत पुरली. आम्ही हसलो. गच्चीवर ऊस!

पण त्यांचं ते पाणी घालणं! उसाच्या सरीला पाजावं तसं पाइप धरून सगळ्या कुंड्या तुडुंब भरतात. आज टोमॅटोची मुळं कुजलेली दिसली आणि माझं डोकं फिरलं. "आबा, हे रान न्हाय, कुंडी हाय!" त्यांनी पाइप खाली ठेवला.

तेवढ्यात ईशा ओरडली, "आज्जा, कोंब आला!" खरंच, बादलीत हिरवं टोक वर आलेलं. मला वाटलं, आता तरी हसतील. उसाला पाणी सोड म्हणून रानशेजाऱ्याला रोज फोन लावतात, तो नुसतं 'बघतो' म्हणतो. बादलीवर वाकून आबा म्हणाले, "पाणी मिळालं म्हणून आला की ह्यो. तिकडं कोण पाजतंय?"



टोमॅटोचं सुनीताला काय सांगायचं ते उद्या बघू. मी पाइप उचलून आबांच्या हातात दिला आणि नळ सोडायला गेलो.