बाराच्या आत

प्रेमराजमामा, नमस्कार.

आमच्या कन्सल्टिंग कंपनीकडून मी तुम्ही कामाला असलेल्या धरणगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये घड्याळ लावून कामं मोजायला आले, तेव्हा तुम्ही सगळ्यांना मिरवून सांगितलंत, "हाई मन्ही भाची शे." आणि मला म्हणालात, "मन्हं बठ्ठं काम बारा वाजाना आत व्हई जास!"

मी ते तसंच लिहून घेतलं: सगळं काम बाराच्या आत. अहवालात त्याचं 'अर्धा दिवस रिकामा' झालं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. कामावरून कमी केलेल्यांत तुमचं नाव पहिलं होतं.

आई सांगत होती, काल तुम्ही शेठला विनवलंत, "नूतनले इचारा. तिनी मन्हं काम डोयानं देखेल शे."

हे पत्र टाकायची माझी छाती होत नाही.

तुमची भाची,
नूतन