चढाखालची दहा मिनिटं

१४ एप्रिल १९६१, आर्णी
तपासणीला यवतमाळ. जाताना चढावर मोटार बंद. त्याच वळणावर. तीन वर्षांपूर्वी दोन तास अडकलो आणि बाळ गेलं, तिथेच. मी खाली उतरले नाही, डोळे मिटून बसले. तासाभराने आपोआप सुरू झाली.
ह्यांचं एकच, "स्टँडजवळच्या पंपाचं पेट्रोल म्हंजे निव्वळ पाणी! तवाही त्याचंच होतं."
डॉ. बाई म्हणतात सगळं नीट आहे. तारीख मेअखेरची. मेच्या मध्यावर यवतमाळला मामेसासऱ्यांकडे जाऊन राहायचं.

१७ एप्रिल
ह्यांना पेट्रोलचं वेड लागलंय. सागवानाचा ठेका राहिला बाजूला, हे हातरुमालावर थेंब टाकून हुंगताहेत. किती वेळात उडतं ते घड्याळ लावून बघतात. नागपूरहून दुसऱ्या कंपनीचं, मोठ्या ऑक्टेन नंबरचं मागवलंय, डबे भरून. त्याने म्हणे इंजिन ठोकत नाही, चढ झरझर चढतं.
थावरू ड्रायव्हर तंबाखू मळत ऐकत होता. "साहेब, वैरन बदलली म्हनून म्हातारा बैल जवान होते काय?" हे असे चिडले! मला मात्र हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

२५ एप्रिल
नवं पेट्रोल. रेंजरसाहेब सोबत, त्यांना घाई, त्यामुळे वाटेत कुठेच थांबलो नाही. भर दुपारी चढ एका दमात पार. हे मागे वळून, "पाह्यलं? मी म्हनलं नव्हतं?" मी मान हलवली.
घरी येऊन मेथी निवडताना एकदम हात थांबला. कुठेच थांबलो नाही!
एरवी थावरू चढाखाली कडुनिंबाशी थांबतोच. इंजिन बंद, दहा मिनिटं. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून याच वाटेने जायचे, चढाआधी बैलांना दम द्यायचे. हा मोटारीला देतो. पाठ थोपटावी तसा बॉनेट थोपटतो. पण उभ्या मोटारीला वारा नाही, वर झाकण घट्ट. आतली उष्णता जाणार कुठे? रुमालावर उडून जाणारं पेट्रोल त्या तापल्या नळीतही वाफ होऊन अडत असेल, तर इंजिनला मिळणार काय?
चौदा तारखेला थांबलो होतो, तीन वर्षांपूर्वीही. पक्कं आठवतं. थावरू म्हणाला होता, "याडी, जराशी कळ काढ, हिले दम घेऊ दे." याडी म्हणजे आई. माझ्या बापाच्या वयाचा माणूस मला आई म्हणतो.

२७ एप्रिल
ह्यांना सांगितलं. "मोटरीतलं तुले काय समजते? दम घेतल्यानं कोनी बंद पडते काय?" विषय संपला.
थावरूला सांगायची छाती होत नाही. सांगायचं म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं सगळं त्याच्या पदरात टाकायचं. त्या दिवशी खड्डासुद्धा त्यानेच खणला होता. आठ दिवस जेवला नव्हता. आणि माझंच चुकत असेल तर?

४ मे
पहाटेच निघालो. नवं पेट्रोल. थावरू थांबला, दहा नाही, चांगली पंधरा मिनिटं. मोटार सरळ चढून गेली. हे माझ्याकडे बघून नुसते हसले.
पहाटेचा गारवा म्हणून चढली? की पेट्रोलच? की उगाच एका भल्या माणसावर मनातल्या मनात आळ घेत बसलेय? परत येताना थावरूशी नीट बोलले नाही. त्याचा काही दोष नसताना. स्वतःचाच राग आला.

१२ मे, यवतमाळ, दवाखाना
शिसपेन्सिलने लिहितेय. दहा तारखेलाच कळा आल्या, भर दुपारी बारा वाजता. कापडाची घडीसुद्धा घ्यायला सवड नाही.
कडुनिंब दिसला तशी थावरूने मोटार बाजूला घेतली.
"थांबू नको!"
"याडी, दम..."
"थांबलास तर इथेच उतरीन!"
हे म्हणाले, "चाल रे, पेट्रोल चांगलं हाय."
वळणावर दोनदा आचके दिले. मी ह्यांचं मनगट धरलं, नखं रुतली तरी सोडलं नाही. हेही पांढरे पडलेले. मग वर आलो. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.
तासाभरात मुलगी. रडली. केवढ्याने रडली! मीही.

१५ मे
येईल त्याला हे पेट्रोलचं आख्यान लावतात. बाळंतिणीच्या खोलीत ऑक्टेन! डॉ. बाईंनासुद्धा सोडलं नाही. मी वाद घालत नाही. खरं कोणाचं हे पुन्हा पेट्रोल बदलून, पुन्हा थांबूनच कळेल. मला नाही बघायचं.

१९ मे, दवाखाना
थावरू मुलीला बघायला आला. त्याच्या सुनेने आरसे लावून टोपडं शिवलंय, ते घेऊन. सुनेचे दिवस भरलेत. आर्णीजवळच्या त्यांच्या तांड्यावरची दाई म्हणते मूल आडवं आहे, दवाखान्यातच न्या. उद्या दुपारी इकडे आणणार.
ह्यांनी मोठ्या मनाने मोटार दिली, वर नागपूरचा डबाही. "बिनघोर आन. या पेट्रोलवर दम द्यायचीही गरज नाई, पन दे लागला तं."
मी म्हटलं, "थावरू, चढाखाली थांबू नको."
"त्या दिवशी तू घाबरली होती याडी, म्हनून ऐकलं. उद्या घरची लेकसून बसन मोटरीत. दम न देता कसा चढू?"
"माझं ऐक. नको थांबू."
"काहून पन?"
तो माझ्याकडे बघत उभा. त्याच नजरेने तीन वर्षांपूर्वी खड्ड्याकडून परत आला होता. थांबल्यानेच बंद पडते, एवढंच सांगायचं होतं. मुलगी कुरकुरली, मी तिला उचलून घेतलं आणि तिच्याकडेच बघत राहिले. मान वर केली तर तो डबा घेऊन गेला होता.
ह्यांना म्हटलं, मागे जा, बोलवा त्याला. हे म्हणाले, "कायले? पेट्रोल दिलं ना."