मावशीने निवडलेलं कार्ड

हर्नडन, शनिवार संध्याकाळ

सुधामावशीचं आज फार कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही. आईची ही धाकटी बहीण म्युनिकला नर्स होती, आता रिटायर झालीये. सध्या आमच्याकडे आलीये. चहा घेताना म्हणाली, "नितीन, तू सारखा फ्लाय करतोस. माइल्सचं कार्ड कुठल्या विमान कंपनीचं घेऊ?"

मी लगेच एक्सपर्ट झालो. "म्युनिकहून ज्यांच्या जास्त फ्लाइट्स, त्यांचंच घे."

"आणि त्यांच्याच अलायन्समधल्या, म्हणजे गटातल्या, दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर? माइल्स तिथेही जमतात. शिवाय तिथे घरच्यांचे माइल्स एकत्र करून फुकट तिकीट काढता येतं."

पाच कंपन्यांचे नियम तिने वाचले होते. मी इतकी वर्षं गोल्ड कार्ड मिरवतोय, घरच्यांचा नियम कधी पाहिलाच नाही. का नसेल पाहिला?

"घरच्यांचे कशाला?" मी विचारलं.

"ताईसाठी. गुडघ्यांमुळे तिला सलग प्रवास झेपत नाही. नागपूरहून मी तिला आणेन. आठवडाभर म्युनिकला माझ्याकडे राहील, मग तुझ्याकडे."

आई सहा वर्षांत इथे आलेली नाही. तिला जमणार नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

मावशीने तिथेच फॉर्म भरला. घरच्यांमध्ये पहिलं नाव आईचं.

"माझे माइल्स जोडता येतील?"

"तुझी अलायन्स वेगळी. तू परतीला तिला नागपूरपर्यंत सोडायला जा."

मी आधी रजेची मेल पाठवली, मग हे लिहायला बसलो.