चाळीस चमच्यांचं विसण

बेगिमाय,

बाळ दूध पिऊन झोपलंय. आज त्याचा चाळिसावा दिवस, चाळीस चमच्यांच्या आंघोळीला बायका दहाला येतील. त्या आल्यावरच घंगाळात तीन लिटर पाणी काढ, चव्वेचाळीस अंशांचं. थर्मामीटर खिडकीत आहे. आई कोपर बुडवून "पोळेल गं पोर!" म्हणून ओरडतील. ओरडू देत, पण विसण घालू देऊ नकोस. विसण बायकाच घालतील, एकेक मोठा चमचा. चाळीस चमचे म्हणजे सहाशे मिलिलिटर, बादलीतलं पाणी पाच अंशांचं. शेवटच्या चमच्याला साडेसदतीस होईल. त्याआधी बाळाला पाण्यात सोडू नकोस. आठवीत मीच शिकवलंय तुला, गणित ताडून बघ.

मी शाळेत जातेय. आज सही केली नाही तर माझी जागा दुसरीला देतील. काल विचारलं, तर आई म्हणाल्या, "चाळीस दिवस संपले म्हणून काय झालं? पोर कोण सांभाळणार?" तुझा दादा नुसता चहा ढवळत बसला.

अकरापर्यंत येते. आज चाळीस दिवसांनी पहिल्यांदा दाराशी गेले, तर माझे बूट जागेवर नाहीत. पलंगाखाली, माळ्यावर, कुठेच नाहीत. तुझे घालून जातेय. बोटं आवळतात, पण चालता येतं.

वहिनी