पाकिटावरचा आकडा

बाबा, चर्चचा हिशेब आता माझ्याकडे आला आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता, कारण या पोरीला दुधाचा हिशेब ठेवता येत नाही, असं आई जन्मभर म्हणायची. पण साकोलीला सरकारी कचेरीत मी नोकरीभर हिशेबच लिहिले, आणि निवृत्त होऊन भंडाऱ्याला परतले तेव्हा मंडळीला माझ्याबद्दल नेमकं तेवढंच आठवलं. आधीचे खजिनदार वर्षभर अंथरुणाला होते. ते गेले, आणि एका रविवारी उपासना संपल्यावर पंच कमिटीनं रजिस्टर, बँकेच्या स्लिपांचा गठ्ठा आणि एक चावी माझ्या हातात ठेवली. चावी कशाची, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर पुष्कळ बदललं. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तुम्ही जिथं सागाचा एकेक ओंडका टेप लावून मोजायचात तो वनखात्याचा डेपोही उठला. आणि एक नवी गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आता पैसे द्यायला नोटा लागत नाहीत. चर्चच्या दाराला काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवला आहे. फोन त्याच्यासमोर धरायचा, आकडा टाकायचा, की पैसे थेट खात्यात. बाजारातली भाजीवालीसुद्धा असेच घेते, मग देवाच्या घरी कसला संकोच! आत जाड भिंतींमुळे फोनला रेंज मिळत नाही, म्हणून लोक आधी बाहेर चिंचेखाली उभे राहून दान देतात आणि मग आत येतात. बाकी सगळं तुमच्या वेळचंच आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घराला त्याच्या नंबरची पाकिटं मिळतात, वर रक्कम लिहायची, आत पैसे घालायचे, आणि मखमलीची थैली समोर आली की टाकायचं. आपल्या घराचा नंबर अजून तोच आहे.

काम तसं सरळ होतं. फोनवरून आलेल्या दानाची यादी एकीकडे, बँकेचं स्टेटमेंट दुसरीकडे. यादीत प्रत्येकाचं नाव वेगळं असतं, बँकेत मात्र रविवारची सगळी रक्कम सोमवारी एकाच ओळीत येते. मी पेन्सिल घेऊन बसले. एकदोघांनी रेंजच्या भानगडीत दोनदा पैसे दिले होते. एकानं घरमालकाचं भाडं चर्चला पाठवलं होतं आणि लाजेपायी परत मागितलं नव्हतं. ते निस्तरल्यावर यादी आणि बँक तंतोतंत जुळली, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मग रोख घेतली आणि तिथे गाडं अडलं. रजिस्टरात जेवढी रोख लिहिली होती, तेवढी बँकेत भरलेलीच नव्हती. कमी पडणारा आकडा मोठा नव्हता, पण दर आठवड्याला कमीच.

रोख बँकेत नेते ती मावशी. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. मूळची अड्याळची, नवरा चर्चची घंटा वाजवायचा, तो वारल्यापासून घंटा हीच वाजवते, झाडते, आणि मागच्या खोलीत राहते. रविवारी पंच पैसे कापडी पिशवीत बांधून देतात. सोमवारी मावशी ऑटोनं जाऊन ती कॅशिअरपुढे ठेवते, तो मोजून स्लिप भरतो आणि ती स्लिप घेऊन परत येते. वर्षभर ती स्लिप रजिस्टराशी कुणी ताडून पाहिली नव्हती. मी कमिटीपुढे आकडे ठेवले मात्र, काका ताडकन उठले. काका म्हणजे इथल्या कचेरीसमोर टायपिंगचं दुकान आहे ते, तुमच्याबरोबर दर रविवारी आपल्या घरी रजिस्टर लिहायला बसायचे. तेव्हा तरणेबांड होते, आता पंचांमध्ये सगळ्यांत वडील आहेत आणि रजिस्टर अजूनही तेच लिहितात.

"पिशवी जिच्या हाती असते तिलेच विचारा न," काका म्हणाले. "आमी लिहून देतो, आमचं काम सरलं."

मावशी दाराशीच उभी होती. "मी गाठ बी सोडत नाही जी," ती म्हणाली. "जशी बांधून देता तशी नेतो. देवाघरचे पैसे मले कायले पाह्यजेत?"

"मंग गेले कुठं? उंदरानं खाल्ले का?"

दोघेतिघे हसले. आमचे पाळकसाहेब नवे आहेत, वयानं लहान, ते टेबलाकडे बघत राहिले. शेवटी ठरलं की पुढच्या बैठकीपर्यंत पैशांचा पत्ता लागला नाही तर मावशीनं खोली सोडावी. कोणी मोठ्यानं चोर म्हटलं नाही, पण म्हणायचं बाकीही काही ठेवलं नाही. तिला उघड्यावर आणणारे आकडे माझेच होते.

पुढच्या रविवारी मी चिंचेखाली उभी राहून फोनवरून दान दिलं आणि आत जाऊन बसले. थैली माझ्या ओळीत आली. शेजारी डॉक्टरीणबाई, मागे शाळेतली जुनी मैत्रीण, आणि माझे हात रिकामे. नुसतीच थैली पुढे ढकलायची म्हणजे चारचौघांत नाक कापल्यासारखं! माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. पाकीट काढलं, त्यावर मघाशी फोननं दिलेला आकडा लिहिला आणि रिकामंच थैलीत टाकलं. देवाला ठाऊक होतं, मी दिले आहेत. माणसांना ठाऊक व्हावं म्हणून पाकीट. दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं तर माझ्या नावापुढे ती रक्कम रोख म्हणून लिहिलेली, आणि फोनच्या यादीतही तीच. मी कपाळावर हात मारला. मंडळीतली आणखीही माणसं वर्षभर हेच करत होती. एकच दान दोनदा लिहिलं जात होतं, आणि दुसऱ्यांदा लिहिलेले पैसे पिशवीत कधी नव्हतेच.

पण रिकामी पाकिटं उघडणाऱ्यांना कळू नये? हे मी काकांनाच विचारलं. ते जरा चिडूनच म्हणाले, "एकानं फाडून ढिगावर झटकाचं, दुसऱ्यानं वरचा आकडा वाचाचा. आत डोकून पाहाचं नाही, ढीग बँकवालाच मोजते. तुह्या बाबाचीच रीत आहे ते. इसरली का?"

मी कशी विसरेन! आपल्या स्वयंपाकघरात जमिनीवर चादर पसरली आहे. चुलीवर भात शिजतो आहे, आई झिंग्यांची चटणी वाटते आहे. पाकिटं फाडायचं काम माझं, वरचा आकडा वाचायचा तोही मी, काका मांडी घालून रजिस्टरात लिहितात, तुम्ही नोटा लावता. एक पाकीट मी फाडते आणि ओरडते, "बाबा, याच्यात दोनच रुपये हायेत! वर तं पाच लिवले!" तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, पण त्या दिवशी चढवलात. "वरचं वाच म्हनलं न तुले! आतलं मी पाहीन." मग सदऱ्याच्या खिशातून तीन रुपये काढून ढिगावर ठेवलेत. काका गेल्यावर आई म्हणाली, "तुमच्या खिशाले भोकच हाये जी. पोरीचे बूट कधी आनसान?" शाळेत काळे बूट सक्तीचे होते, आणि मी त्या वर्षी नाताळापर्यंत चपला घालून मागच्या रांगेत उभी राहिले. खरं सांगते, बाबा, याचा मला फार राग होता. डेपोत बोटभर लाकूड इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस देवाच्या हिशेबात असा आंधळा कसा होतो, ते मला कळत नव्हतं. तुम्ही गेलात आणि तुमची रीत राहिली. खिशातून भरणारा मात्र कुणी राहिला नाही.

फाडलेली पाकिटं ऑडिटसाठी पोत्यात भरून ठेवतात. मी पोतं घरी आणलं आणि एकेक रविवार घेऊन बसले. ज्या घरानं त्याच दिवशी तेवढेच पैसे फोनवरून दिले होते, त्याचं पाकीट बाजूला काढायचं. त्यांची बेरीज केली की कमी पडलेली रक्कम जवळजवळ भरून निघे. जवळजवळ. दर रविवारी दोनशे रुपये तरीही उरत. आणि दर रविवारी दोनशेचा आकडा लिहिलेलं पाकीट एकाच घराचं होतं. त्या घरची माणसं मुलीकडे नागपूरला गेली होती, त्या दोन रविवारी काहीच उरलं नाही. फोनच्या यादीत ते नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? काकांकडे अजून बटणांचा फोन आहे.

मी उठून तडक त्यांच्या दुकानात गेले. हातात पाकिटं होती, आणि रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते. एका गरीब बाईला घराबाहेर काढायला निघालेला हा माणूस. याला भर सभेत उभा करते. दुकानाचं एकच दार उघडं होतं. टाइपरायटरवर प्लॅस्टिकचं कव्हर, झेरॉक्सच्या मशिनवर जुनी वर्तमानपत्रं. अर्ज आता सगळे फोनवरूनच जातात, तिथं टायपिंग कोण करून घेणार? काकूंनी आतून पाणी आणलं, चहाचं मात्र विचारलं नाही. भंडाऱ्यात आलेल्याला चहा विचारत नाहीत असं कधी होत नाही, बाबा. मी पाकिटं पदराखाली धरली.

"काका, सगळं जुळलं," मी म्हटलं. "मावशीनं एक पैसा घेतला नाही. पन दर रविवारचे दोनशे उरून राहिले."

त्यांनी टाइपरायटरचं कव्हर सरळ केलं. मग म्हणाले, "तुह्या बाबाच्या टाइमालेबी उरत होते. ते जुळवून टाकत."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तू वरडली होतीस न त्या दिवशी? दोन रुपये हायेत म्हनून? ते पाकीट आमचंच होतं. माय बिमार होती. तुह्या बाबाले मालूम होतं. मी त्यायच्या समोरच बसलो होतो न."

मला आधी रडू आलं, आणि त्याच्यामागून राग आला. "मंग मावशीले काहून धरलं, काका? तुमाले तं पाकीट कसं असते ते ठावकं होतं!"

"भेव वाटलं, पोरी," ते म्हणाले. "कोनी पाकिटंच पाहाले लागलं असतं तर?"

मी त्यांना सांगितलं की दोनशेचं मी पाहीन. पण मावशीचं त्यांनी बोलायचं, रविवारी, सगळ्यांसमोर. बाबा, तुम्ही असता तर एवढीही अट घातली नसती, हे मला माहीत आहे. पण मावशीला घर होतं ते एका खोलीचं, आणि तिच्यासाठी तुमच्यासारखं मऊ होणं मला परवडणारं नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर मी फळ्यावर दुहेरी नोंदीची गोष्ट समजावून सांगितली. लोक एकमेकांकडे बघून ओशाळं हसले, डॉक्टरीणबाई सगळ्यांत जास्त. मग काका काठीवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "पिशवीत खोट नव्हती. माह्या लिवन्यात होती. बाई, मले माफ कर." मावशी म्हणाली, "माफ हाये जी. पन आता पिशवी मी नेनार नाही. घंटा वाजवीन, झाडीन, पिशवी नाही." पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं, ती बधली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. तुमची रीत मी त्याच दिवशी मोडली. आता पाकीट उघडून आतले पैसे दोघांनी मोजायचे आणि तेच लिहायचे. फोननं देणाऱ्यांसाठी दाराशी छोट्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, थैलीत टाकायला. हात रिकामा दिसायला नको. काकांना मी रजिस्टरच लिहू देते, पाकिटं मी स्वतः उघडते. त्यांच्या पाकिटाचं काय ते माझं मी बघते.

पिशवी आता माझ्याकडे आहे. आज सोमवार, मीच बँकेत गेले होते. रविवारची रोख भरली, आणि वर्षभराचे ते उरलेले दोनशे-दोनशे माझ्या पेन्शनीतून एकत्र भरले. गेल्या महिन्यापासून गुडघ्यांसाठी चांगले बूट घ्यायचे म्हणून ते पैसे बाजूला ठेवले होते. आई असती तर काय म्हणाली असती, ते मला सारखं ऐकू येत होतं. काचेपलीकडच्या पोरानं स्लिप ओढली आणि विचारलं, "भरणाऱ्याचं नाव?" मी तुमचं नाव सांगितलं. विचार करून नाही, तोंडातून गेलं. त्यानं लिहिलं, शिक्का मारला, स्लिप माझ्याकडे सरकवली. पुढच्या वर्षी ऑडिटर विचारेल, हे गृहस्थ कोण, यांचं नाव मंडळीच्या यादीत नाही. नोकरीभर मी लोकांच्या स्लिपा असल्याच चुकांसाठी परत पाठवल्या. ही मात्र मी दुरुस्त करून घेतली नाही.