फेकणारीनं मारावं का?

आखाडा बाळापूर,
५ जानेवारी २०२५

ती. निताताईस,
सा. न. वि. वि.

शिबिरात सरांनी मोबाइल जमा केलेत, म्हणून चिठ्ठी. परवा बेसबॉलच्या सरावात मी बॅट धरून उभी होते अन् चेंडू थेट हेल्मेटवर आदळला. डॉक्टरांनी बराबर तपासलं, काही न्हाई. पण तवापासून चेंडू येताना दिसला की डोळेच मिटतात. मी संघाची चेंडू फेकणारी. फेकताना असं काहीच होत न्हाई. सर म्हणतात, नियमात सोय हाय, फेकणारीच्या जागी फक्त बॅटिंगला दुसरी पोरगी ठेवता येते. समरीन तयार हाय. संघातली मिना मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, बॅट न धरणारी खेळाडू अर्धीच. मी काय करू?

लोभ पातळ होऊ देऊ नको,
वैष्णवी

शिरड शहापूर,
८ जानेवारी

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली.  मिनाला विचार, सुताराला कुणी म्हणतं का, तुला लोहारकी काहून येत न्हाई? तुझे दाजी मात्र म्हणतात, ज्या चेंडूचा धाक दुसऱ्याला घालतो, तो आपणही सोसावा. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलंय. समरीनलाच पुढं कर. अर्धी तर अर्धी, डोकं साबूत घेऊन ये.

जिवाला जपशील, एवढंच मागते,
निता

आखाडा बाळापूर,
१३ जानेवारी

ती. निताताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. काल सामन्यात समरीननंच माझी बॅटिंग केली, झकास केली. पण शेवटच्या डावात चेंडू अडवताना आमच्या पुनमचा घोटा मुरगळला. तिच्या जागी चेंडू अडवायला मैदानात उतरायला समरीनशिवाय कुणी उरलं न्हाई. अन् नियम असा, की ती मैदानात गेली की सोय संपली, फेकणारीनं स्वतः मारायचं. पंचांना मी दोनदा विचारलं.  सर म्हणाले, न्हाई जमत तर सांग, सामना सोडू. मी उभी राहिले.

पहिले दोन चेंडू मला दिसलेच न्हाईत, डोळे मिटलेले. तिसऱ्याला उघडे ठेवले. बॅट फिरवली, लागला न्हाई. तिन्ही हुकले, बाद! एका धावेनं हरलो.

भीती गेली न्हाई, ताई.  पण सरांना सांगितलं, सामन्यात समरीनच मारू द्या, तिला ते जमतं. सरावात मात्र मलाही रोज बॅट पाहिजे. सोय कधी संपंल, सांगता येत न्हाई.

दाजींशी बोल आता, अन् दोघांची माया असू द्या,
वैष्णवी