कार्डाची मागची बाजू

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
सात महिने परदेशातल्या या हॉस्पिटलात व्हीलचेअर ढकलतोय. आज मनाच्या विभागातल्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. सहा नंबरच्या खोलीत चार शिकाऊ सायकॉलॉजिस्ट. सगळे इथेच लहानाचे मोठे झालेले. मराठी घरात ऐकलेली, पण बोलायला लागले की दर तिसऱ्या शब्दाला ठेच. पेशंटशी इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत बोलता यावं म्हणून त्यांचं ट्रेनिंग आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांचा खोटा पेशंट व्हायचं.
थोडक्यात, मला ट्रेनिंगमध्ये घेतलं.

त्याच दिवशी, दुपार
आईला फोन केला. (मागचा कधी केला होता आठवत नाही. ड्यूटी.) म्हटलं, मनाच्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगला निवड झाली. आईने आधी जेवलास का विचारलं. मग म्हणाली, सातवीवर घेतात? म्हटलं, इथे सर्टिफिकेट नाही, हुशारी बघतात. हे खोटं नाही. बाईंनी स्वतः विचारलं होतं, तुला मराठी चांगली येते ना?

६ मार्च, शुक्रवार
पहिला क्लास. बाईंनी एक कार्ड दिलं. आपण कोण, आपल्याला काय होतंय, ते त्यावर असतं. सगळं इंग्रजी, मुंगीएवढी अक्षरं. कपाळाला आठ्या घालून दोन मिनिटं बघितलं, मान डोलावली, खिशात घातलं. चार शिकलेल्या लोकांसमोर वाचता येत नाही म्हणायचं काय? आपल्या मनाचंच ठोकून दिलं. छातीत धडधडतं, झोप येत नाही, घरापासून लांब आहे, वगैरे. मस्त रंगलो.
एक चष्मेवाली आहे. तिने विचारलं, घरी कोणाशी बोलता का? मी म्हटलं, या खोलीत हवा छान येते. दुसरा एक आहे, सारखी पेन्सिल चावतो, त्याने वहीत लिहिलं, पेशंट विषय बदलतो. म्हणजे अभिनय पटला.
सहा नंबरच्या पाटीखाली उभा राहून फोटो काढून घेतला. आईला पाठवला.
संकल्प: रोज इंग्रजीचे दहा शब्द. आठवड्यात कार्ड वाचून काढायचं.

९ मार्च
शब्द झाले नाहीत. कार्ड लॅमिनेट केलेलं आहे, खराब होत नाही. घाई नाही.

१० मार्च, मंगळवार
आज मला या शास्त्राचं मर्म सापडलं.
पाच नंबरची खोली आणि सहा नंबरची खोली यांच्यामध्ये आतून दार आहे. मी पेशंटला पाचच्या दारात सोडतो आणि तासाभराने सहामधून उचलतो. आतल्या दाराशी माझा संबंध नाही. आज एक आजोबा छाती धरून आत गेले. घ्यायला गेलो तर चष्मेवाली त्यांच्याकडून श्वास मोजून घेत होती. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. आजोबा हसत खुर्चीत बसले, मला म्हणाले, सावकाश रे, तरुण आहेस म्हणून मला उडवू नकोस.
एवढंच असतं! सगळं मनाचं असतं. लोक उगाच सुया टोचून घेतात.

११ मार्च
आईचा फोन. तिला सारखी तहान लागते, रात्री चार-चारदा उठावं लागतं, अंगात त्राण नाही, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येते. ताई उद्या रक्त तपासायला नेणार आहे. आईने विचारलं, तुझं काय मत?
आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं मत विचारलं.
म्हटलं, रक्ताचं काही नाही. तू मनात फार साठवतेस. चार आत, सहा बाहेर. मी रोज फोन करीन, आपण बरोबर मोजू.

१२ मार्च
ताई कडाडली. म्हणाली, काय मंत्र घातलास तिला? चप्पल घालून दारात उभी होती, तिथून परत फिरली. म्हणते, माझ्या डॉक्टरने नको म्हटलंय. कोण डॉक्टर रे? तू?
मी शांत राहिलो. तिला सांगितलं, तुझ्या चिडण्याचं मूळ लहानपणात आहे. तिने फोन आपटला. मूळ लहानपणातच आहे.

१५ मार्च
रोज फोन चालू आहे. एक दिवस चुकलेला नाही. आई मोजते, मी ऐकतो. मग ती कोणाकडे काय झालं ते सांगते. आज शेजारच्या काकूंनीही फोन मागून घेतला. त्यांचा गुडघा. म्हटलं, नवऱ्यावरचा राग गुडघ्यात उतरलाय. काकू म्हणाल्या, बाळा, इतक्या वर्षांत हे कोणालाच कळलं नव्हतं.
इंग्रजी शब्द: शून्य. पण प्रॅक्टिस वाढली की अभ्यासाला वेळ मिळत नाही, हे सगळ्याच डॉक्टरांचं आहे.

१७ मार्च, मंगळवार
क्लासमध्ये आज घरच्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, घरी मला फार मान आहे, मोठमोठे निर्णय माझ्यावाचून अडतात. पेन्सिलने (तो चावणारा) लिहिलं, स्वतःबद्दल वाढवून सांगतो. पोराला अजून खरं-खोटं कळत नाही.

२० मार्च
आईचा आवाज जड येतोय. मोजताना तीनवरच थांबली. म्हणाली, झोप येते रे सारखी. म्हटलं, उत्तम, आधी झोप येत नव्हती ना? मन शांत होतंय.

२२ मार्च, रविवार, दुपार
ताईचा फोन. आई ओट्यापाशी पडली. दवाखान्यात नेली. साखर इतकी की त्यांच्या मशीनला आकडा दाखवता आला नाही. अजून शुद्धीवर नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फोनवरून निदान करायचं म्हणजे मर्यादा येतातच.
साखरेचं ताईने बोलायला हवं होतं. घरात ती असते, मी नसतो.
वरच्या दोन ओळी खोडायच्या आहेत. पेन सापडत नाही. (याच पेनाने लिहितोय.)

२३ मार्च
आई शुद्धीवर आली. ताईने दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी आईला विचारलं, इतके दिवस काय करत होता तुम्ही? आई म्हणाली, पोराचं काही चुकलं नाही, मीच श्वास नीट घेतला नसेल.
ताईने शिव्या दिल्या नाहीत. फोन ठेवला. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ मार्च, मंगळवार
क्लास. चष्मेवालीने विचारलं, आज काय त्रास होतोय? म्हटलं, एक माणूस आहे. त्याची आई रक्त तपासायला निघाली होती, त्याने तिला दारातून परत फिरवलं. तिला तहान लागत होती, तो तिला आकडे मोजायला लावत होता. चष्मेवालीने पाणी दिलं. पेन्सिलने पेन्सिल खाली ठेवली.
मोठ्या बाईंनी इतरांना बाहेर पाठवलं. म्हणाल्या, हे कार्डावर नाही. पहिल्या दिवसापासूनच तू कार्डावरचं बोलत नाहीस, मुलांना सराव होतोय म्हणून मी चालू दिलं. ती माझी चूक. कार्ड वाचलंस का कधी?
म्हटलं, इंग्रजी येत नाही.
म्हणाल्या, अरे, उलटून बघ.
मागच्या बाजूला मराठी होतं. ठळक, स्वच्छ, ट्रेनिंगच दोन भाषांचं. अठरा दिवस खिशात होतं. तुम्ही साठ वर्षांच्या बाई आहात. तुम्हाला सून नीट विचारत नाही. आणि खाली, चौकटीत: तुमच्या रक्ताच्या व इतर सर्व तपासण्या पाच नंबरच्या खोलीत झाल्या आहेत. डॉक्टरांनी शरीराचा आजार नाही याची खात्री केल्यावरच तुम्हाला या खोलीत पाठवले आहे.
आतलं दार.
बाई म्हणाल्या, शुक्रवारी सुट्टी घे. पुढच्या शुक्रवारी मात्र ये, तुझ्यासाठी. मी मान डोलावली. समजल्यासारखी.

२६ मार्च
आईशी बोललो. सांगून टाकलं. मी डॉक्टर नाही, शिकतही नाही. चाकाची खुर्ची ढकलतो.
आई म्हणाली, ठाऊक आहे.
तो फोटो. माझा एक हात खुर्चीच्या दांड्यावर होता. म्हणाली, सायकल घेऊन दारात उभा राहायचास तेव्हा अस्साच धरायचास.
म्हटलं, मग ऐकलंस कशाला माझं?
म्हणाली, तू रोज फोन करायला लागला होतास. रक्त तपासलं असतं, गोळी मिळाली असती, तू परत गायब.
मग म्हणाली, पेशंटला उंबऱ्यावरून हळू ने, दणका बसतो.
संकल्प: रोज फोन. मरेपर्यंत.

२८ मार्च
फोन केला. काकूंसाठी निरोप दिला, गुडघा दाखवून घ्या. काकूंनी उलट निरोप दिला, बाळा, मी नवऱ्याशी आठ दिवस भांडतेय, आता काय सांगू त्याला?

३ एप्रिल, शुक्रवार
पाच नंबरमध्ये रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, शरीर ठणठणीत. आतलं दार उघडलं. पहिल्यांदाच त्या दारातून गेलो. चार पावलं आहेत फक्त.
सहा नंबरमध्ये चष्मेवाली आणि पेन्सिल बसले होते. सवयीने कार्डासाठी हात पुढे केला. चष्मेवाली म्हणाली, आज कार्ड नाही.
मग तोच प्रश्न, पहिल्या दिवसाचा. घरी कोणाशी बोलता का?
म्हटलं, आईशी. रोज.
म्हणाली, आज बोललात?
चार दिवस झाले. डबल ड्यूटी होती. शिवाय आता तिची साखर ताब्यात आहे.
मी म्हटलं, या खोलीत हवा छान येते.
पेन्सिलने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मला न वाचताही कळलं.